खचदरीची पेटी: प्रयोग ९ ते १२

मंडळी, जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खाली बसतो, ती खचदरी. ती मी घरी पेटीत घडवून पाहतोय: वरची वाळू म्हणजे ठिसूळ कवच, तळाची पुट्टी म्हणजे खालचा हळूहळू वाहणारा खडक, आणि एक फळी ओढून दोन्ही ताणायचं. मागच्या नोंदीत रडगाणं गायलं होतं की वाळू मधोमध फाटायची सोडून दर वेळी सरकत्या फळीलगतच खचते. दोष माझ्या घाईचा निघाला. फळी ओढणाऱ्या ८ मिमी आटेदार दांड्याचा एक फेरा म्हणजे १.२५ मिमी, आणि मी मिनिटाला एक फेरा देत होतो. तळाची सिलिकॉनची पुट्टी जोरात ओढली की ताठरते, हळू ओढली की वाहते. आता साडेसात मिनिटांना एक फेरा, म्हणजे तासाला १ सेंमी. पुट्टी दीड सेंमी, वर वाळू ३ सेंमी, मध्ये मध्ये रांगोळीचे रंगीत थर. (दिवाळीला दारात काय काढायचं, अशी घरातून विचारणा झाली आहे.)

प्रयोग ९ आणि १० मध्ये फरक एकच. ९ मध्ये वाळू चाळणीने पेरली, १० मध्ये वाटीने ओतली. चाळलेल्या वाळूचे कण दाटीने बसतात. ती तुटायला जास्त जोर लागतो, पण एकदा सरकली की तेवढ्या पट्ट्यातले कण सुटे होतात, थर फुगतो आणि ताकद उतरते. ओतलेली वाळू मुळातच सैल, तिच्याकडे गमवायला फारसं काही नसतं. निकाल असा: ९ मध्ये दोनच ठसठशीत भ्रंश (थर तुटून सरकतात त्या भेगा) आणि मध्ये साडेतीन सेंमी रुंद खचदरी. १० मध्ये पेटीभर बारीक पायऱ्या, खचदरी म्हणावी असं काही नाही. माझा अंदाज नेमका उलटा होता. सैल वाळू पटकन एका जागी फाटेल असं वाटलं होतं. फाटली ती बळकट वाळू, कारण तिचीच ताकद जास्त घसरली.

खडकांचंही तसंच आहे. ग्रॅनाइट असो की वालुकाश्म, घर्षणांक (सरकायला किती विरोध होतो त्याचं माप) साधारण ०.६ ते ०.८५. पण भ्रंशात भरडून, पाणी मुरून चिकणमाती झाली की तो निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. शंखजिरं तयार झालं तर ०.२ च्या आसपास. खोल प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, ऑलिव्हिन या खनिजाचे कण रगडून बारीक झाले तरी खडक मऊ पडतो. मग जिथे आधी सरकलं, तिथेच पुन्हा सरकणं सोपं.

प्रयोग ११ ला टांझानियाची नक्कल केली. तिथला अडीच अब्ज वर्षांहून जुना, जाड, थंड गाभा (खंडाचा सर्वांत जुना, टणक भाग) पूर्व आफ्रिकेच्या खचदरीला फोडता आलेला नाही. ती त्याला वळसा घालून, दोन्ही अंगांच्या जुन्या पर्वतनिर्मितीत रगडलेल्या पट्ट्यांतून गेली आहे. पश्चिमेच्या फाट्यात टांगानिका सरोवर आहे, सुमारे १,४७० मीटर खोल. मधल्या गाभ्यावरचं व्हिक्टोरिया सरोवर क्षेत्रफळाने त्याच्या दुपटीहून मोठं, पण खोली जेमतेम ८० मीटर. बशीच ती!

गाभा म्हणून मधोमध पुट्टी अर्धा सेंमी आणि वाळू ४ सेंमी ठेवली, दोन्ही अंगांना पुट्टीचे उंचवटे दिले, म्हणजे तिथे वाळू पातळ आणि पट्टा कमकुवत. दोन्ही उंचवट्यांवर दऱ्या उघडल्या, गाभ्याला चरासुद्धा पडला नाही. काप घ्यायला वाळू ओली करताना मात्र मी पाणी धबाधबा ओतलं आणि सगळं ढासळलं. फवाऱ्याची बाटली वापरा, एवढंच सांगतो.

१२ मध्ये पूर्वेचा उंचवटा उत्तरेकडून आत आणला, पश्चिमेचा दक्षिणेकडून, आणि गाभ्याशेजारी दोघांना एकमेकांना ओलांडू दिलं. तासाभराने वरून काढलेले फोटो एकावर एक ठेवले, तर गाभा घड्याळाच्या उलट्या दिशेने जवळजवळ ४ अंश फिरला होता! जीपीएसच्या मोजणीत व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचा कवचाचा तुकडा याच दिशेने फिरताना दिसतो. मी फळी फक्त सरळ ओढली होती, वळण दिलं ते कमकुवत पट्ट्यांच्या जागांनी.

एक अडचण उरली आहे. वाळू कडेच्या काचेला घासते आणि भ्रंश टोकाशी वाकतात. टाल्कम पावडर चोळून पाहिली, थोडा फरक पडला. कोणी याहून चांगलं काही वापरलं असेल तर कळवा. १३ व्या प्रयोगासाठी पुट्टी अजून मळायची आहे.