व्हीलचेअरवरून लाइट ट्रेल: दोन हिवाळ्यांचा माझा अनुभव

माझी भाची सात वर्षांची आहे, तिने विचारलं, "मावशी, तू परत गाडीतच बसणार का?" आणि मी काही उत्तर द्यायच्या आधी फोन हातात घेतला आणि त्या बागेची वेबसाइट उघडली. त्याआधीचे दोन हिवाळे मी खरंच पार्किंगमध्ये बसून काढले होते, हीटर लावून, आणि बाकी सगळे आत दिवे बघत फिरत होते. मीच म्हणायचे तुम्ही जा गं, मला थंडी सोसत नाही. अर्धं खरं होतं ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे इंग्लंडात नोव्हेंबर लागला की मोठमोठ्या बागा आणि जुन्या वाड्यांसारख्या घरांची आवारं रात्री उघडतात, झाडांवर रंगीत दिवे, तळ्यावर लेझर, दिव्यांचा बोगदा, संगीत, आणि दोनेक किलोमीटरचा एकाच दिशेने चालायचा रस्ता, यालाच लाइट ट्रेल म्हणतात. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये हे २०१३ ला सुरू झालं आणि आता बऱ्याच ठिकाणी असतं. आम्ही गेलो ती जागा वेगळी, तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. माझं म्हणाल तर नऊ वर्षांपूर्वी अपघातात मज्जारज्जूला इजा झाली, छातीच्या वरच्या भागात, हात पूर्ण चांगले आहेत, छातीखाली संवेदना नाही. हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरते.

तर बुकिंग. वेबसाइटवर ॲक्सेसिबिलिटीचं एक पान होतं आणि त्यावर एवढंच लिहिलेलं की मार्ग बहुतांशी स्टेप-फ्री आहे. आता हा "बहुतांशी" शब्द वाचला की माझ्या पोटात गोळाच येतो, कारण दोन किलोमीटरपैकी एकोणीसशे मीटर सपाट आणि शेवटच्या शंभरात पायऱ्या असतील तरी तो बहुतांशीच झाला ना, आणि मी तर तिथेच अडकणार. शिवाय पायरी नाही म्हणजे चाक फिरेल असं अजिबात नाही. खडी असते, ओलं गवत असतं, चढ असतो. पण हे सगळं मला तेव्हा इतकं स्पष्ट मांडता येत नव्हतं, मी फक्त ईमेल केला की मी व्हीलचेअरवर आहे, मला येता येईल का. उत्तर आलं, हो, नक्की या, आमच्याकडे दरवर्षी व्हीलचेअरवाले येतात. संपलं. चूक त्यांची होतीच, पण मी प्रश्नच असा विचारला होता की त्याला हो म्हणणं सोपं होतं.

सोबत्याच्या तिकिटाचा घोळ वेगळाच. ज्याला मदतीशिवाय फिरता येत नाही त्याच्या सोबतच्या माणसाला बऱ्याच ठिकाणी फुकट तिकीट देतात, कंपॅनियन तिकीट म्हणतात. पण ते ऑनलाइन काढताच येईना, आधी पुरावा ईमेलने पाठवा, मग आम्ही कळवू. आणि तोपर्यंत शनिवारचे स्लॉट भराभर संपत होते, बाकीचे लोक दोन मिनिटांत तिकीट काढून मोकळे आणि मी पाच दिवस उत्तराची वाट बघत. पुरावा म्हणून त्यांनी माझं पिपचं, म्हणजे अपंगांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचं पत्र मागितलं, पूर्ण पत्र. त्यात माझं अंघोळीचं, संडासचं, सगळं लिहिलेलं असतं हो! तिकीट खिडकीवरच्या माणसाने ते कशाला वाचायचं? मी पहिल्या पानाचा फोटो काढला, नाव आणि तारीख सोडून बाकी झाकलं आणि तेवढंच पाठवलं, ते चाललं. पुढे मी निंबस नावाच्या संस्थेचं ॲक्सेस कार्ड काढून घेतलं, त्यावर नुसती चिन्हं असतात, सोबती लागतो, उभं राहता येत नाही वगैरे, आजाराचं नाव कुठेच नाही. ज्यांना सारखं कुठे ना कुठे पुरावा द्यावा लागतो त्यांनी हे नक्की करा.

आणि अजून एक गंमत नाही पण त्रास म्हणा, माझी बहीण माझी सोबती म्हणून नोंदवली तर सिस्टीम म्हणे मुलीसोबत कोणी मोठं माणूस नाही. मी चाळिशीची बाई, मी मोठं माणूस नाही? फोनवर वीस मिनिटं गेली तेव्हा कुठे ते सुटलं. फोनवरची मुलगी भली होती, तिला स्वतःला ते पटत नव्हतं, पण तिच्या स्क्रीनवर तसा पर्यायच नव्हता.

आता थंडीचं सांगते कारण हे कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही. इजा वरच्या भागात असेल तर शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणाच बिघडते, खालच्या अंगाला थंडी कळत नाही, कुडकुडणं पण होत नाही. म्हणजे पाय बर्फासारखे झाले तरी मला पत्ता नाही. तिकडे चालणारे लोक चालून गरम होतात, मी बसलेली असते. लोकरीचे दोन थर, त्यावर पाय पूर्ण झाकणारी पिशवीसारखी ऊबदार गुंडाळी, आणि दर वीस मिनिटांनी बहीण हात घालून पाय बघते. गरम पाण्याची पिशवी मांडीवर ठेवायचा मोह होतो, अजिबात ठेवू नका, कळत नाही आणि भाजतं. खिशात ठेवायच्या त्या गरम पुड्यांचंही तेच, पायात नाही घालायच्या. आणि गरम पेयाचा कप मांड्यांच्या मध्ये धरायचा नाही, मी एकदा रिहॅबमध्ये ते करून बसलेय, महिनाभर जखम भरत नव्हती. कप होल्डर लावून घ्या.

पहिल्या वर्षी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. डिसेंबरात इथे चारच्या आतच सूर्य मावळतो त्यामुळे सगळ्यात पहिला स्लॉट घेतला तरी अंधार मिळतोच आणि गर्दी कमी असते, हे आता कळलंय. ब्लू बॅजचं, म्हणजे अपंगांसाठी राखीव पार्किंग दाराजवळ होतं, छान सपाट, पण सुरुवातीचा मोठा चौक खडीचा. खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, मोठी चाकं फिरतात आणि छोटी नांगरासारखी जमिनीत जातात. बहिणीने मागून तोल देऊन पुढची चाकं उचलली आणि तसंच मला चौकभर नेलं, भाची बाजूने टॉर्च धरून. मग डांबरी रस्ता लागला, आणि पहिली पंधरा मिनिटं, खरं सांगते, मी विसरूनच गेले होते की मी काही विचारणार होते. एका जुन्या ओकच्या झाडाखालून निळा प्रकाश असा वरवर चढत होता, भाची माझ्या मांडीवर चढून बसली आणि दोघी गप्प.

मग तळं आलं. तळ्याकडे जाणारी उतरण, त्यावर चिखल होऊ नये म्हणून लाकडाचे तुकडे टाकलेले. चालणाऱ्यांसाठी ते चांगलंच असतं, बूट भिजत नाहीत. चाकासाठी ते वाळूसारखं. त्यात उतार असा की मला दोन्ही रिम हाताने आवळून धरायला लागत होत्या आणि हातमोजे ओले, रिम निसटत होती. इथे रॅम्पचा नियम साधारण १ ला १२ चा सांगतात, म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट चढ, आणि तोसुद्धा थोड्याच अंतरासाठी, ही उतरण त्याहून नक्की तीव्र होती आणि लांबलचक. मध्यावर चाक रुतलं. मागे रांग, एकाच दिशेचा रस्ता त्यामुळे परत जायला कुणी वाट देईना, आणि अंधारात लोकांची नजर वर दिव्यांकडे, दोघं तर माझ्यावर आदळलेच. दोन अनोळखी माणसं आली आणि न विचारता खुर्चीचा हात धरून उचलायला लागली, तो हात निघणारा असतो, माझ्या खुर्चीचा तो निघून त्यांच्या हातात आला. मी एका बाजूला कलंडले. पडले नाही. भाची रडायला लागली, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मग हातात वॉकी-टॉकी घेतलेला एक स्वयंसेवक आला, वयस्कर, त्याने आधी वाकून मला विचारलं कुठे धरू, मग बहिणीला सांगितलं तुम्ही मागून धरा, आणि आम्हाला वीस पावलं वर नेऊन झाडीतलं एक लाकडी फाटक उघडलं. फाटकाच्या पलीकडे डांबरी रस्ता! माळ्यांच्या गाड्या जायचा, रुंद, सपाट, तळ्याला वळसा घालून थेट दिव्यांच्या बोगद्यापाशी निघणारा. मी त्याला म्हटलं हा रस्ता नकाशात का नाही? तो म्हणाला, तो कर्मचाऱ्यांचा आहे, कोणी विचारलंच नाही.

त्या रात्री घरी येऊन मला झोप नाही लागली. पाय गरम व्हायला दोन तास लागले ते एक कारण, पण खरं कारण ते फाटक. रस्ता होता. बांधायला लागणार नव्हता, पैसा लागणार नव्हता, फक्त नकाशावर एक रेघ आणि फाटकाशी एक माणूस.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. बहीण म्हणाली, "ताई, रागाने लिहू नकोस, त्यांना काय करायचं ते लिही." तिचं ऐकलं ते बरं झालं. इक्वॅलिटी ॲक्ट २०१० चं कलम २० आहे, त्यात सेवा देणाऱ्याने अपंग माणसासाठी वाजवी बदल करायचे असं आहे, आणि त्याचा खर्च त्या माणसाकडून घ्यायचा नाही. महत्त्वाचं म्हणजे कोणी येऊन अडकेपर्यंत थांबायचं नाही, आधीच विचार करून ठेवायचा असतो. हे मी एका ओळीत लिहिलं आणि बाकी पत्र सगळं चाकांबद्दल. कुठल्या वळणाला काय पसरलंय, चढ किती, केबल झाकायला टाकलेल्या त्या रबरी पट्ट्या कुठे कुठे आडव्या आहेत (त्यांच्यावर छोटी चाकं आदळून माणूस पुढे फेकला जातो), अपंगांचं टॉयलेट रस्त्याच्या सुरुवातीला एकच आणि त्याच्या दाराला दोन इंचांचा उंबरा, आतली मदत बोलवायची लाल दोरी गुंडाळून वर बांधलेली. ती दोरी जमिनीपर्यंत लोंबती पाहिजे, माणूस पडला तर हात पोचायला नको का? मला दर चार-पाच तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी नळी लागते त्यामुळे टॉयलेट कुठे हे मला रस्त्याआधी माहीत असावं लागतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला फोटोसेन्सिटिव्ह अपस्मार आहे, म्हणजे चमकणाऱ्या प्रकाशाने फिट येऊ शकते, तिचाही मुद्दा त्यात घातला. साधारण ३ ते ३० वेळा सेकंदाला चमकणारा प्रकाश अशा लोकांना धोक्याचा असतो, आणि इथे स्ट्रोबची, म्हणजे झपाझप चमकणाऱ्या दिव्यांची सूचना तिकीट तपासून झाल्यावर आत लावलेली! ती तिकीट काढायच्या आधी पाहिजे, आणि नकाशावर नेमकी जागा. अचानक समोर आलंच तर दोन्ही डोळे मिटून भागत नाही, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं, हे तिने मुलाला शिकवून ठेवलंय.

सहा आठवडे काही नाही. मग फोन आला, कार्यक्रम बघणाऱ्या बाईंचा, त्यांनी माझं पत्र छापून त्यावर खुणा केल्या होत्या असं म्हणाल्या आणि मार्चमध्ये दिवसा येऊन रस्ता फिरून दाखवाल का विचारलं. मी गेले. त्यांच्याकडची रिकामी व्हीलचेअर होती, मी म्हटलं तुम्ही बसा आणि त्या चौकातून स्वतः जाऊन बघा. बसल्या. चार मीटर गेल्या आणि थांबल्या, आणि तिथेच फोन काढून कुणाला तरी खडीवर टाकायच्या चटयांचं विचारलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी ईमेल वेगळा केला. येता येईल का असं नाही विचारलं. सगळ्यात तीव्र चढ कुठे आणि किती लांब, कुठल्या भागात डांबर नाही, मध्येच बाहेर पडायचं तर वाट कुठे, टॉयलेट किती अंतरावर, पाऊस पडला तर काय बदलतं. पाचही उत्तरं दोन दिवसांत आली, नकाशासकट, आणि नकाशावर त्या माळ्यांच्या रस्त्याची हिरवी रेघ. माझ्या बाजूने मी पुढे लावायचं फ्रीव्हील घेतलं, एक मोठं चाक खुर्चीच्या पुढे अडकवायचं, त्याने छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि गवत-खडी सोपी होते, आणि मागे सायकलचा छोटा लाल दिवा लावला म्हणजे लोक आदळत नाहीत. बॅटरीची खुर्ची असेल तर लक्षात ठेवा, थंडीत बॅटरी लवकर उतरते, पूर्ण चार्ज करून न्या आणि नेहमीच्या अंतरावर विसंबू नका.

फाटकाशी माणूस होता. चौकात चटया होत्या. कंपॅनियन तिकीट अजून फोनवरच, पण फोन पाच मिनिटांत झाला. टॉयलेटचा उंबरा गेला होता, दोरी खाली होती. ज्यांना स्वतःला खुर्चीतून कमोडवर जाता येत नाही त्यांच्यासाठी मात्र अजून काहीच नाही, त्यांना चेंजिंग प्लेसेस लागतं, निदान १२ चौरस मीटरची खोली, उचलायचा हॉइस्ट, मोठ्या माणसाला झोपवता येईल असा बाक. अशा कार्यक्रमांना चाकांवरचं भाड्याने मिळतं. ते मी पुन्हा लिहिलंय.

बोगद्याच्या शेवटी एक खांब होता, बटण दाबलं की समोरच्या झाडाचा रंग बदलतो. बटण उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, माझी बोटं टोकाला लागली पण दाबलं जाईना, भाचीचाही हात पुरेना. शेवटी ती माझ्या मांडीवर उभी राहिली, मी तिची कंबर घट्ट धरली, आणि झाड जांभळं झालं. बटणाची उंची पण पत्रात घातलीये, खुर्चीच्या हातापासून मोजून.