काळ्या पाच पट्ट्या आणि तीस पोरं

इंग्लंडमध्ये शाळेत संगीत शिकवते म्हटलं की नाशिकच्या नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे पियानो का?" नाही हो. पियानो असतो एक, कोपऱ्यात, त्याच्यावर बहुतेक वेळा वह्यांचा गठ्ठा. खरं काम चालतं कीबोर्डवर. यामाहा नाहीतर कॅसिओ, एकसष्ट पट्ट्यांचे, दोन पोरांत एक. हेडफोनच्या भोकात स्प्लिटर खुपसायचा, म्हणजे दोघांना ऐकू येतं आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भांडायला येत नाहीत.

इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत संगीत आहे, आणि २०२२ च्या सरकारी आराखड्यानं आठवड्याला निदान एक तास तरी द्या असं सुचवलंय. गळा असो नसो, घरी कोणी गाणारं असो नसो, प्रत्येकाच्या हाताखाली पट्ट्या येतात. आमच्या वेळी बाई पहिल्याच आठवड्यात गाणारी सहा-सात पोरं निवडायच्या आणि उरलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या. हा फरक मला इथे आल्यावर सगळ्यात जास्त जाणवला, वाद्यांच्या किमतीपेक्षाही.

पहिल्या तासाला डेमोचं, म्हणजे आपोआप गाणं वाजवणारं, बटण सापडायला पोरांना अर्धं मिनिट पुरतं. मी अडवत नाही. पाच मिनिटं काय हवं ते दाबा, ज्याच्यात कुत्रा आहे त्यानं कुत्रा भुंकवा. मग आवाज पियानोवर, ऱ्हिदम बंद, हात मांडीवर.

बऱ्याच शाळांत पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावतात. मला ते पटत नाही. पोरं स्टिकर वाचत बसतात, आणि बिनस्टिकरचा कीबोर्ड पुढ्यात आला की हरवतात. त्यापेक्षा डोळे मिटून बोटांनी काळ्या पट्ट्या चाचपायला लावते: दोनची जोडी कुठे, तिनाचा गट कुठे. जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. एवढं बोटाला कळलं की बाकीचं कळतं.

नाशिकच्या पेटीच्या क्लासमध्ये हे आपण वेगळ्या वाटेनं शिकलेलोच असतो. काळी एक, काळी दोन ही जोडी. तीन, चार, पाच हा गट. आणि इथेच आपल्या माणसाच्या हाताला मोठं घबाड लागतं. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीनला सा धरला तर भूप राग. काळी एकला धरला तर दुर्गा. काळी दोनपासून धानी, काळी चारपासून मध्यमाद सारंगाचे स्वर, काळी पाचपासून मालकंस. पट्ट्या त्याच पाच, फक्त षड्ज, म्हणजे सा, सरकवायचा. मूर्च्छना म्हणून जे आपण पुस्तकात पाठ करतो ते अकरा वर्षांच्या इंग्रज पोराला दहा मिनिटांत कानानं कळतं. डाव्या हातानं सा-प धरून ठेवायचा, तोही काळ्यांवरच सापडतो. मालकंसाला प नाही, तर सा-म. एकानं आधार द्यायचा, दुसऱ्यानं सुचेल ते वाजवायचं. बेसूर वाजायला जागाच नसते, म्हणून मागच्या बाकावरचे लाजाळूही सुटतात.

इथे उन्हाळी सुट्टी जुलैअखेर सुरू होते, म्हणून मी येते तेव्हा नाशिकला श्रावण आणि शाळा दोन्ही चालू असतात. या खेपेस पंचवटीतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीनं हाक मारली. "अगं, मुख्याध्यापकांनी कीबोर्ड घेतलेत, आता गॅदरिंगला वाजलेच पाहिजेत म्हणतात. ये ना एकदा." गेले. सातवीचा वर्ग, हेडफोन एकही नाही, बाहेर पावसाची झड आणि आत सगळे डेमो एकदम.

पेटी शिकणाऱ्या दोन मुली होत्या. त्यातल्या एकीचा उजवा हात झकास चालला होता आणि डावा कीबोर्डच्या मागे जाऊन भाता शोधत होता. तिला म्हटलं, तो हात आता मोकळा झालाय, त्याला काळी तीन आणि वरची काळी एक दे. तिनं दिली आणि उजव्यानं भूप सुरू केला. वर्ग आपोआप गप्प झाला. लयीचं तर शिकवावंच लागलं नाही. गणपती तोंडावर आलेले, अर्धी पोरं ढोल पथकात. कीबोर्डमधल्या ठोक्यांना त्यांनी सरळ नाकं मुरडली आणि बाकावर स्वतःचा ठेका धरला.

वर्गात बसवून गाणं शिकवायचं नाशिकला काय नवल? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तेच केलं, आणि उत्तरायुष्यात ते नाशिकलाच राहिले. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर, यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ चा.

कीबोर्डवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, आणि त्याचा शुद्ध गंधार (ग) तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भागांनी. याच कुरबुरींपायी आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. तक्रार खरी आहे. पण शाळेतल्या तीस पोरांसाठी तीस तंबोरे कोण आणणार? महिन्यातून एखादा तास कीबोर्ड बंद करून नुसतं तंबोऱ्याबरोबर गाऊन घ्यावं, एवढं मी मैत्रिणीला सांगितलं.

शाळेसाठी घेणार असाल तर पट्ट्या एकसष्ट असू द्या, जोर कमी-जास्त केला की आवाज कमी-जास्त होणारं मॉडेल घ्या, आणि दोनशे आवाज की सहाशे याकडे बघूही नका. उरलेल्या पैशांत हेडफोन घ्या. ते मोडतात, जास्तीचे घ्या.

गॅदरिंगला भूप आणि दुर्गा बसवायचं चाललंय, सोबत ढोल. मुख्याध्यापकांना अजून वाटतंय की एखादं सिनेमाचं गाणं होणार. "त्यांचं मी बघते," मैत्रीण म्हणाली, "तू आधी मला स्प्लिटर कुठला घ्यायचा त्याचा फोटो पाठव."