अनामत खात्यातला तिसरा हिस्सा

पुण्यातल्या एका जुन्या आणि बऱ्यापैकी मोठ्या प्रकाशन संस्थेच्या हक्क विभागात मी काम करते. प्रकाशन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर संपादक, मुखपृष्ठ आणि फार तर छापखाना येतो. प्रत्यक्षात कोणते पुस्तक कोणत्या स्वरूपात, किती काळ आणि कोणाच्या परवानगीने काढता येईल, हे ठरवणाऱ्या कागदांची व्यवस्था बिघडली, तर बाकीचे सगळे विभाग हात बांधून बसतात. आमच्याकडे हे कागद लोखंडी कपाटांत ठेवलेले आहेत. २०१७ मध्ये स्वीडनची स्टोरीटेल भारतात आली आणि मराठी पुस्तके कानांनी ऐकण्याची सवय वाढू लागली, तोवर त्या कपाटांकडे फारसे कोणी फिरकत नसे. पुढे आणखी एका ध्वनिपुस्तक कंपनीने आमच्याकडे जुन्या पुस्तकांची मोठी यादी मागितली. एकेका पुस्तकाचे हक्क तपासून, संध्याकाळपर्यंत पहिली खेप पाठवायची, असे ठरले होते. तो दिवस मला अजूनही तपशिलांसह आठवतो.

त्यासाठी संस्थेची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. आमची संस्था स्वातंत्र्यापूर्वी आप्पा बळवंत चौकाच्या परिसरात सुरू झाली, ती शालेय पुस्तके आणि मार्गदर्शकांच्या जोरावर. कथा-कादंबऱ्या निघत, त्या त्या नफ्यातून. १९६७ साली राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि टप्प्याटप्प्याने शालेय पुस्तके सरकारकडे गेली, तेव्हा आमच्यासारख्या अनेकांना ललित साहित्य हा जोडधंदा न ठेवता मुख्य धंदा करावा लागला. लेखकांशी होणारा व्यवहार मात्र जुन्याच पद्धतीने चालत राहिला. करार म्हणजे बहुधा एक पत्र. कधी कधी तर पोस्टकार्डच. लेखक आणि प्रकाशक एकाच गावातले, रोज भेटणारे. कागद कशाला, अशी भावना दोन्हीकडे असे. त्या भावनेचे कौतुक मी पुष्कळदा ऐकले आहे, पण तिची किंमत आमच्या विभागाला मोजावी लागते.

सकाळचे काम सरळ होते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या लेखनावरचे हक्क संपत आले, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे आधी मृत्यूचे साल लिहावे लागते. अनुवादाच्या बाबतीत तर दोन साले लागतात, कारण मूळ लेखकाचा हक्क वेगळा आणि अनुवादकाचा वेगळा. बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे निधन १९३८ चे, त्यामुळे त्यांची मूळ पुस्तके केव्हाच मुक्त झाली. पण ती मराठीत आणणारे मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या अनुवादांना २०२४ संपेपर्यंत संरक्षण होते. अशी उदाहरणे समोर असली की काम भराभर पुढे सरकते.

दुपारी गाडी अडली ती एका कादंबरीपाशी. १९६१ ची पहिली आवृत्ती, छपाईच्या खिळ्यांची जुळणी, लहान गावातल्या सुताराच्या घराण्याची गोष्ट. लेखक १९८३ साली वारले. पुस्तक फार गाजावाजा न होता सतत चालत आले आहे. जिल्ह्याच्या ग्रंथप्रदर्शनात आणि मार्चमधल्या ग्रंथालयांच्या खरेदीत त्याच्या प्रती हमखास जातात. कंपनीला ते पहिल्याच खेपेत हवे होते. फाइल उघडली तर आत लेखकाचे एका पानाचे पत्र: पुस्तकरूपाने प्रकाशित करण्याचे हक्क संस्थेस देत आहे, छापील किमतीवर दहा टक्के मानधन मिळावे, लेखकाच्या प्रती वेगळ्या. मुदतीचा उल्लेख नाही. आज असा करार केला आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. मात्र ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने आलेली असून जुन्या करारांना लागू होत नाही. छापण्याचा हक्क त्यामुळे शाबूत होता. परंतु 'पुस्तकरूपाने' या मर्यादेत ध्वनिमुद्रण येत नाही. तो हक्क लेखकाकडेच राहिला होता आणि त्यांच्यामागे वारसांकडे गेला होता. ध्वनिपुस्तकाच्या करारावर सगळ्या वारसांच्या सह्या लागणार होत्या.

वारस कोण, हे पाहायला मी मानधनाची खातेवही मागवली. आमचे हिशेबनीस ती स्वतः घेऊन आले, कारण त्यांना त्या पानाची गोष्ट ठाऊक होती. लेखकाच्या निधनानंतर रकमेचे तीन समान भाग होत होते: थोरले चिरंजीव पुण्यात, कन्या सांगलीत आणि धाकटे चिरंजीव बडोद्यात. १९९१ मध्ये बडोद्याची मनिऑर्डर 'पत्त्यावर राहत नाहीत' अशा शेऱ्यासह परत आली. पुढच्या वर्षीचीही आली. तेव्हापासून तिसरा हिस्सा 'अनामत' या शीर्षकाखाली नोंदला जात होता. रक्कम कोणी हलवली नव्हती, खोडली नव्हती. दर वर्षी एक ओळ तेवढी वाढत होती. "पैसे सुरक्षित आहेत, मॅडम, पण माणूस सापडत नाही," असे ते म्हणाले. भावंडांकडे फोन केला. थोरल्यांच्या घरून उत्तर आले की वाड्याच्या वाटणीवरून बोलणे थांबले, त्याला तीस वर्षे झाली. सांगलीच्या बाईंना बडोद्याचा जुना पत्ता तेवढा पाठ होता, तो म्हणजे आमच्याच वहीतला.

हक्कधारक सापडत नसेल तर कायद्यात एक वाट आहे: वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण ती वाचकांपासून दूर राहिलेल्या पुस्तकांसाठी आहे आणि आमची कादंबरी तर खालच्या दुकानातच विकली जात होती. संपादकांनी सुचवले की दोन सह्यांवर पुढे जावे, तिसऱ्याचा हिस्सा राखून ठेवावा. मी नकार दिला. ज्याची रक्कम आपण इतकी वर्षे जपली, त्याचा हक्क त्याला न विचारता वापरायचा, हे मला पटत नव्हते. शिवाय कंपनीच्या वकिलांनी ते मान्य केले नसते.

मग मी तळमजल्यावर जावक विभागात गेले. तिथली जुनी रजिस्टरे टिकली आहेत, त्याला कारण १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा. नवे पुस्तक निघाले की कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. त्याचा पुरावा राहावा म्हणून आमच्या एका जुन्या व्यवस्थापकांनी बाहेर जाणारे प्रत्येक पार्सल एकाच रजिस्टरात नोंदवायची शिस्त घातली होती, मग ते सरकारी असो की एखाद्या वाचकाने मागवलेली व्हीपीपी, म्हणजे हाती पडताना पोस्टमनकडे किंमत भरायचे पार्सल, असो. लेखकाच्या प्रती पूर्वी कुठे पाठवल्या गेल्या, एवढेच मला पाहायचे होते. २००३ च्या रजिस्टरात, दिवाळीच्या आधीच्या पानावर, निळ्या शाईत एक नोंद होती: तीच कादंबरी, दहा प्रती, व्हीपीपी, बडोदा. पुढे लेखकाचेच आडनाव, आणि वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराच्या जागी लेखकाचे आद्याक्षर. पत्ता वेगळा होता. शेवटच्या रकान्यात 'पूर्ण किंमत, टपालखर्च वेगळा' असे लिहिलेले होते. त्याआधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांतही तशाच नोंदी सापडल्या.

म्हणजे वरच्या मजल्यावर ज्या गृहस्थांच्या नावाने पैसे पडून होते, त्यांच्याकडून खालचा मजला त्यांच्याच वडिलांच्या पुस्तकाची पूर्ण किंमत वसूल करत होता. दोन्ही विभागांनी आपापले काम चोख केले होते. वरच्या वहीत हिशेब होता, खालच्या वहीत पत्ता होता, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला नेमून दिलेले नव्हते.

अलीकडच्या एका नोंदीत दूरध्वनी क्रमांकही होता. फोन त्यांच्या मुलीने उचलला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, असे तिने सांगितले. तिचे मराठी स्वच्छ होते, फक्त मधूनमधून गुजराती वळण येई. कारखान्याची वसाहत सोडून ते स्वतःच्या घरात राहायला गेले, तेव्हा जुना पत्ता सुटला. दिवाळीला ओळखीच्या घरी मिठाईबरोबर आजोबांचे पुस्तक द्यायची त्यांची रीत होती. मानधनाविषयी विचारले तेव्हा ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा म्हणायचे, पुस्तक छापलं की ते प्रकाशकाचं. आम्हाला कधी वाटलंच नाही की आमचं काही असेल." ही समजूत मी शिकल्यासवरल्या घरांतूनही इतक्यांदा ऐकली आहे की तिचे नवल वाटत नाही, पण त्या दिवशी तिला उत्तर देताना माझी जीभ जड झाली.

संध्याकाळी यादी गेली, ती या कादंबरीशिवाय. ती दुसऱ्या खेपेत गेली, कारण मधे मृत्यूचा दाखला, पत्नी आणि मुलीची वारस म्हणून प्रतिज्ञापत्रे आणि तिन्ही शाखांची संमती गोळा करावी लागली. हिशेबनिसांनी आवृत्तीगणिक विक्री पुन्हा पडताळून अनामत रक्कम चुकती केली. एकाच वेळी एवढी रक्कम आल्यामुळे करकपातीचा घोळ झाला, तो निस्तरायला वेगळा पत्रव्यवहार झाला. पुण्याच्या शाखेने आधी खळखळ केली, मग सही दिली. नव्या करारात छापील पुस्तक, ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांचे हक्क स्वतंत्र कलमांत, मुदतीसह लिहिले.

त्यानंतर हिशेबनीस आणि जावक विभागातला एक तरुण मिळून अनामत खात्यातली बाकीची नावे जुन्या रजिस्टरांशी ताडून पाहू लागले. नागपूरच्या एका कवयित्रीच्या नातवाचा पत्ता असाच लागला. दुसऱ्या एका ठिकाणी आडनाव तंतोतंत जुळले, पण फोन केल्यावर ते गृहस्थ निव्वळ वाचक निघाले आणि पुढच्या आवृत्तीवर सवलत मिळेल का, असे विचारू लागले.