भीती वाटते हे देवाला सांगायचं, त्याच्यापासून लपवायचं नाही

चर्चच्या मंडळीत कुणाकडे आजारपण निघालं, कुणाची नोकरी गेली, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, घाबरू नका, विश्वास ठेवा. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात कित्येकदा वेगळंच सुरू होतं, की मला भीती वाटतेय म्हणजे माझा विश्वासच कच्चा आहे का? म्हणजे आधीची भीती आहे तिथेच, आणि वर अपराधीपणाचं ओझं. हे ओझं देवाने दिलेलं नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. भीती आणि विश्वास एकाच माणसात एकाच रात्री असू शकतात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बघा, अशी माणसं पानोपानी भेटतील.

माझ्या ताईच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हाचं सांगते. वाईट बातमी कळली की निदान पुढे काय करायचं ते तरी ठरवता येतं, पण काहीच कळलेलं नसतं तेव्हा मन सगळ्याच शक्यता जगून घेतं. मी फोन पालथा ठेवायचे, दोन मिनिटांनी उलटून बघायचे, परत पालथा. प्रार्थनेला बसले तर शब्दच सुचेनात, प्रभूची प्रार्थना सुरू केली की अर्ध्यावर ताईची मुलं डोळ्यासमोर यायची आणि पुढची ओळ विसरायला व्हायचं, जी लहानपणापासून पाठ आहे ती. शेवटी स्तोत्रसंहिता उघडली आणि १३वं स्तोत्र वाचलं. सहा वचनांचं तर आहे ते. त्यात दावीद राजा देवाला सरळ विचारतो, कोठवर? तू मला कोठवर विसरणार? आणि एकदा नाही, चार वेळा विचारतो. मी तेच मोठ्याने वाचलं, माझे शब्द नव्हते तर त्याचे घेतले. भीती काही गेली नाही, पण ती आता माझ्या एकटीच्या डोक्यात गोल गोल फिरत नव्हती, कुणाला तरी सांगून झाली होती.

त्याच रात्री मंडळीतल्या एका मावशींचा मेसेज आला, "मी जागी आहे गं, प्रार्थना करतेय, तू झोप आता." बस एवढंच. वचन नाही, उपदेश नाही, सगळं नीट होईल असंही नाही. आणि मला खरंच झोप लागली.

यावरून मला एलीया आठवतो. १ राजे १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि ईजबेल राणीने जिवे मारायची धमकी पाठवल्यावर हा जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. आपल्यातलं कुणी असं बोललं असतं तर आपण लगेच दहा वचनं ऐकवली असती. देव काय करतो बघा. तो त्याला झोपू देतो. मग दूत येऊन त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं असतं, म्हणतो ऊठ, खा. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो, तर दूत रागवत नाही, पुन्हा येतो आणि म्हणतो खा, कारण तुला लांबचा प्रवास करायचाय. विश्वास कुठे गेला तुझा असं एका शब्दाने कुणी विचारत नाही. झोप, जेवण, परत झोप, परत जेवण. आधी शरीर सावरलं आणि मगच होरेब डोंगराकडची ४० दिवसांची वाट. आणि तिथे पोचल्यावरही एलीयाचं तेच रडगाणं, मी एकटाच उरलोय, तेव्हा देव सांगतो की नाही, बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण आहेत इस्राएलात. भीतीत माणसाला सगळ्यात आधी हेच वाटतं ना, की मी एकटाच आहे.

म्हणूनच ज्यांना अँग्झायटीचा त्रास आहे, छातीत धडधड होते, झोप उडालीये, त्यांनी डॉक्टरकडे जावं, समुपदेशकाशी बोलावं, गोळ्या दिल्या तर घ्याव्यात. तो अविश्वास अजिबात नाही. प्रेषित पौलाचा जिवाभावाचा सोबती लूक वैद्यच होता.

आणि पौल. "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन किती घरांत भिंतीवर असतं. पण ते लिहिणारा माणूस बंदिवासात होता, त्याच्या खटल्याचा निकाल लागायचा होता, जगणार की मरणार हे त्यालाच माहीत नव्हतं. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आपला सहकारी एपफ्रदीत याच्याबद्दल लिहितो, हा मरणाच्या दारात होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, आता मी त्याला तुमच्याकडे पाठवतोय म्हणजे माझा घोर जरा कमी होईल. म्हणजे चिंता करू नका म्हणणाऱ्यालाही घोर होता! तो दगडासारखा बसलेला नव्हता, त्याला माणसांची काळजी वाटत होती, आणि ती तो प्रार्थनेत घेऊन जात होता. त्या वचनाचा पुढचा भाग हाच तर आहे, आपली मागणी देवाला कळवा.

आणि सगळ्यात वर गेथशेमाने, येशूला अटक झाली त्या रात्रीची बाग. माझ्यासाठी तरी भीतीबद्दल बोलताना दुसरं काही याच्याइतकं जवळचं नाही. प्रभू येशू आपल्या तिघा शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथेच राहा, जागे राहा. स्वतः देवाचा पुत्र, आणि त्यालाही त्या रात्री जवळ कुणीतरी जागं असावं असं वाटलं. ते झोपले. तो तीनदा तीच प्रार्थना करतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. प्याला दूर झाला नाही. ज्याने स्वतः असं मागितलं आणि ज्याला ते मिळालं नाही, त्याच्यासमोर मी माझी भीती घेऊन जाते तेव्हा मला काहीच समजावून सांगावं लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतं की बायबलमध्ये 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे, रोजसाठी एक. मोजायला बसलात तर तेवढे भरत नाहीत, आणि भरायची गरजही नाही. मला त्या शब्दांपेक्षा त्यांच्या पुढे काय येतं ते जास्त धरून ठेवावंसं वाटतं. यशया ४१ मध्ये, "भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे." यिर्मयाला बोलावलं तेव्हाही तेच, यहोशवालाही तेच. तुला काही होणार नाही, असं कारण तिथे दिलेलं नाही. यशया ४३ मध्ये तर तू पाण्यांतून जाशील तेव्हा मी बरोबर असेन असं आहे, म्हणजे पाणी येणार हे धरूनच चाललंय. रिपोर्ट चांगला येईल असं वचन मला कुठे सापडलं नाही, आणि जे लोक असं छातीठोक सांगतात त्यांचं मला पटत नाही, कारण रिपोर्ट वाईट आला की ऐकणाऱ्याचा देवावरचाच भरवसा मोडतो. सोबत मिळेल हे वचन मात्र आहे, आणि ते रिपोर्टवर अवलंबून नाही.

ताईचा रिपोर्ट आम्ही घाबरत होतो तसाच आला. ट्रीटमेंट चालू आहे. प्रत्येक स्कॅनच्या आधी ती भीती नव्याने येते, सवय वगैरे काही होत नाही. आम्ही दोघी आता फोनवर आधी एकमेकींना विचारतो, आज कशाची भीती वाटतेय? आणि नाव घेऊन सांगतो, केस जाण्याची, मुलांच्या शाळेची, पैशांची, कधी कधी सरळ मरणाची. मग तेच शब्द तसेच्या तसे प्रार्थनेत ठेवतो, सजवत नाही. पूर्ण वर्षाचं मागत नाही, रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, रोजच्या रोजच मिळायचा, सकाळपर्यंत साठवून ठेवला की किडे पडायचे, म्हणून आम्हीही आजच्यापुरतं मागतो. ताईला बोलायची ताकद नसेल त्या दिवशी मी करते, आणि मला रडू आवरत नसेल तर ती करते, हो, ती आजारी असून.

पुढच्या आठवड्यात परत स्कॅन आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा. आणि तुम्हाला कशाची भीती वाटतेय तेही कळवा, मोघम नको, जे आहे ते लिहा, आम्ही दोघी तुमचं नाव घेऊन प्रार्थना करू.