तुर्कस्तानातले तेल लावलेले पैलवान

तेल लावलेला पैलवान आपल्याकडे फक्त राजकारणाच्या बातम्यांत भेटतो, तुर्कस्तानात मात्र खराखुरा असतो आणि तोही शेकड्यांनी. सध्या वेंगुर्ल्यात पाऊस असा धरलाय की दाराबाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे मोबाईलवर किर्कपिनारच्या कुस्त्या लावून बसलोय. एदिर्ने शहराजवळ होतात, जूनअखेर नाहीतर जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे लावणीची घाई असते तेव्हा. परंपरा १३४६ पासूनची सांगतात. गोष्ट अशी की ऑटोमन सैन्यातले चाळीस गडी मुक्कामाला कुस्ती खेळायला लागले, शेवटची जोडी काही केल्या सुटेना, रात्रभर झुंजून दोघंही मेले आणि पुरलं तिथे नंतर झरे फुटले म्हणे.

अंगावर ऑलिव्हचं तेल ओततात, आणि पाठीला आपला हात पोचत नाही म्हणून ज्याच्याशी लढायचं तोच चोळून देतो, हे मला जाम आवडलं. मग धरायचं कुठे? तर किस्पेत. चामड्याची घट्ट विजार, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत. कंबरेचा नाहीतर पायाचा काठ बोटांत सापडला तर सापडला, आणि हात सरळ विजारीत घातला तरी नियमात बसतं (आमच्या घरात यावर जी खसखस पिकली ती विचारू नका). बेंबी आभाळाकडे झाली की खेळ खलास. समोरच्याला उचलून तीन पावलं चाललात तरी जिंकलात.

१९७५ पर्यंत वेळेचं बंधनच नव्हतं, एकेक कुस्ती दिवस दिवस चालायची. आता मोठ्या गटात चाळीस मिनिटं, नंतर गुणांवर निकाल. पैलवानांच्या जिवाला बरं असेल, पण मला गुणांवरची कुस्ती अळणी वाटते. सलग तीन वर्षं जिंकला तर सोन्याचा पट्टा कायमचा त्याचा. अहमत ताश्ची तर नऊ वेळा जिंकलाय!

आणि हे सगळं ज्याच्या मानाने चालतं तो आगा. पूर्वी पाहुण्यांचं खाणंपिणं, बक्षिसं सगळं तो बघायचा. आता मैदानात मेंढा आणून त्याची बोली लावतात, सगळ्यात मोठी बोली ज्याची तो पुढच्या वर्षीचा आगा. आपल्या देवळातली नारळाची पावणी बघितलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, तीच चढाओढ, तेच मिशीला पीळ. शेजारचे काका बघत होते, म्हणाले एका मेंढ्याला एवढे पैसे, आणि आमच्या वाडीच्या साकवाला कोण देणगी देत नाय.