स्पीकर बदलण्याआधी दार: गाडीतला आवाज सुधारताना

घोडबंदर रस्त्यावर गाडी साठच्या वेगात असताना आवाज वाढवला की डग्ग्याऐवजी दाराचा पत्राच ऐकू यायचा. गाडी साधी हॅचबॅक, स्पीकर कंपनीचे, साडेसहा इंची. दुकानात पहिला सल्ला स्पीकर बदलण्याचा मिळतो. मी आधी दारं हातात घेतली, कारण गाडीत स्पीकरचा डबा म्हणजे दार. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची उलट विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असली की मागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि पुढच्याला मारून टाकतो. सगळ्यात आधी बेस जातो. महागडा स्पीकरही अशा दारात पोकळच वाजतो.

दार उघडताना हँडलच्या खाचेतले आणि आर्मरेस्टखालचे स्क्रू काढायचे, मग प्लास्टिकच्या पट्टीने खालच्या कोपऱ्यापासून ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं प्लास्टिकचं आवरण, सोडवायची. क्लिपा तुटतातच, दहा-बारा जास्तीच्या आधी आणून ठेवाव्यात. आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. गोंदाचा कण न् कण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो, नाहीतर त्या जागी लावायची थरथर रोखणारी शीट काही महिन्यांत सुटते. मी २ मिमी जाडीची ब्यूटिल रबराची शीट घेतली, वर अॅल्युमिनियमची नक्षीदार फॉइल असलेली. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते आणि ओघळते. एका दाराला साधारण आठ चौरस फूट लागली. बाहेरच्या पत्र्याला आतून सगळीकडे चिकटवायची गरज नाही. मधला मोकळा भाग आणि स्पीकरच्या बरोबर मागची जागा झाकली की पत्र्याची थरथर बसते. मात्र लाकडी रोलरने इतकं दाबायचं, की वरची नक्षी सपाट झाली पाहिजे. अर्धवट दाबलेली शीट फक्त वजन वाढवते.

आतल्या पत्र्याची भोकं बंद करणं जास्त महत्त्वाचं. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर ती आवाजाबरोबर आत-बाहेर होते, म्हणून आधी अॅल्युमिनियमची पातळ पाटी बसवली आणि तिच्यावर शीट. काच वर-खाली करून बघितली, लॉकच्या सळया कुठे चिकटत नाहीत हे तपासलं, मगच ट्रिम लावली. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो: दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ते साचलं तर दार खालून गंजतं.

स्पीकर बसवायच्या रिंगा एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या, मिळतात. दमट हवेत त्या फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. प्लास्टिकच्या घ्या, किंवा वॉटरप्रूफ प्लायच्या करून त्यांना दोन हात वॉर्निश द्या. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी हवीच. स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून मागची खोली मोजावी. मॅग्नेट काचेला लागला तर सगळं परत उघडावं लागतं.

एका फिटरने डाव्या दाराच्या तारा उलट्या जोडून दिल्या होत्या. प्रत्येक स्पीकर एकटा लावला तर ठीक वाजायचा, दोन्ही लावले की बेस गायब. तपासणी सोपी आहे: स्टिरिओकडची जोडणी सोडवून दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवायचा. अधिकला अधिक लागलं असेल तर कोन बाहेर उडी मारतो. ट्वीटरवर, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग करू नये.

अॅम्प्लिफायर नंतर आला. स्टिरिओच्या खोक्यावर ५० × ४ लिहिलेलं असतं ते क्षणिक कमाल आहे. सतत मिळणारी ताकद १५ ते २० वॉटच्या आसपास असते. मी ५० वॉट आरएमएसचा, म्हणजे प्रत्येक चॅनलला सतत ५० वॉट देणारा, चार चॅनलचा घेतला. पॉवरची तार ८ गेज, शुद्ध तांब्याची. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, ते त्याच जाडीत कमी करंट वाहतं. ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला. हा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. पुढे कुठे तार घासून बॉडीला लागली आणि फ्यूज लांब असला तर आग लागू शकते. पॉवरची तार एका बाजूने नेली, आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून सिग्नल आणणारी तार, दुसऱ्या बाजूने.

तरीही इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शीळ आलीच. कारण निघालं अर्थिंग: अॅम्प्लिफायरची अर्थची तार बॉडीच्या रंगावरच बोल्टने आवळली होती. पत्रा घासून चकचकीत केला, तार अर्ध्या मीटरपेक्षा कमी ठेवली आणि शीळ गेली. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला कधीही वापरू नका.

अॅम्प्लिफायरवरचा गेन स्टिरिओच्या सिग्नलशी मेळ घालण्यासाठी असतो; तो आवाज वाढवायचा खटका नव्हे, हे समजायला वेळ लागतो. ५० वॉट आणि स्पीकरचे ४ ओहम यांचा गुणाकार २००, त्याचं वर्गमूळ १४.१, म्हणजे इतके एसी व्होल्ट. स्पीकरच्या तारा सोडवल्या, बेस-ट्रेबल शून्यावर, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर, आणि पूर्ण पातळीचा २०० हर्ट्झचा सूर लावून मल्टिमीटरवर १४ दिसेपर्यंत गेन फिरवला. बरेच जण १००० हर्ट्झ वापरतात, पण स्वस्त मल्टिमीटर बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच नीट मोजतात. मग हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारी गाळणी, ७० हर्ट्झला ठेवला. दारातल्या स्पीकरला त्याखालचं काम दिलं की कोन नुसता धडपडतो आणि गायकाचा आवाजही गढूळ होतो.

शेवटी टाइम अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवणं. माझ्या कानापासून उजवा स्पीकर ९० सेंटिमीटर, डावा १३५. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून ४५ च्या फरकासाठी उजव्याला १.३ मिलिसेकंद उशीर दिला. गायकाचा आवाज गुडघ्याजवळून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर आला, आणि तंबोऱ्याची जवारी मागे स्वतंत्र उलगडायला लागली. इतका मोठा फरक एका आकड्याने पडेल असं वाटलं नव्हतं.

उरलेली खडखड शोधायला ४० ते २०० हर्ट्झचा चढता सूर लावून गाडी बंद ठेवली आणि हाताने एकेक भाग दाबत गेलो. ७० जवळ दाराच्या कप्प्यातली सुटी नाणी, ९५ ला डावी ट्रिम. तिथली तुटकी क्लिप बदलली आणि कडेला फेल्टची पट्टी लावली.