कृष्णाकाठचे तीन संगम

गेल्या जानेवारीत मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र वाईहून सांगलीपर्यंत सायकलने गेलो. महामार्ग टाळायचा आणि शक्य तितके कृष्णेच्या जवळून जायचे, एवढेच आधी ठरले होते. पुढे नकाशा पाहताना मित्राच्या लक्षात आले की वेण्णा, कोयना आणि वारणा या नद्या कृष्णेला जिथे मिळतात, ती ठिकाणे साधारण एकेका दिवसाच्या अंतरावर आहेत. म्हणून रोजचा मुक्काम संगमाजवळच करायचा, असे आम्ही पक्के केले.

मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर पाण्यात हात बुडवून निघालो. वाटेत लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या विहिरीच्या पोटात चक्क महाल आहे, आणि एका वेळी बारा मोटा चालतील अशी तिची रचना आहे. संध्याकाळी संगम माहुलीला विश्वेश्वराच्या मंदिराशी पोहोचलो. पहिला दिवस तसा सोपा होता.

दुसऱ्या दिवशी कोरेगावहून रहिमतपूरकडे जाताना माझे मागचे चाक बसले. टायरच्या आतून हळूच बोट फिरवले तेव्हा बाभळीचा काटा लागला. बाहेरून तो मुळीच दिसत नव्हता. शेजारच्या मळ्यातल्या हौदात ट्यूब बुडवली, तर बुडबुडे दोन ठिकाणांहून येऊ लागले. पॉलिश पेपरने ट्यूब घासून सोल्युशन लावल्यावर ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते, आणि त्या वेळात मित्र मला अजिबात घाई करू देत नाही. त्याचेच बरोबर आहे, कारण ओल्या सोल्युशनवर लावलेले ठिगळ टिकत नाही.

हंगाम ऐन भरात असल्याने रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या सतत येत होत्या. त्यांच्या बाजूने पुढे घुसण्यापेक्षा कडेला थांबून त्यांना जाऊ देणे केव्हाही शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे. मसूरच्या अलीकडे असेच थांबलो असताना गुळाचा वास आला आणि आम्ही सायकली गुऱ्हाळाकडे वळवल्या. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचा चिकट रस घातल्यावर वर आलेली मळी गुळव्या बाजूला काढत होता, आणि चुलवाणापाशी बसलेला जाळव्या त्याच्या नुसत्या नजरेवर जाळ कमी-जास्त करत होता. मग गुळव्याने थोडासा पाक थंड पाण्यात टाकला, त्याची बोटांत गोळी वळून पाहिली आणि मान हलवली. त्यासरशी चौघांनी मिळून काहील चुलवाणावरून उतरवली. आम्ही निघू लागलो तेव्हा तो म्हणाला, "पावनं, काकवी घेतल्याबिगर जायचं न्हाई." दुपारचे जेवण आम्हाला लागलेच नाही.

कऱ्हाडला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. सहसा एक नदी दुसरीला कोन करून येऊन मिळते. प्रीतिसंगमावर मात्र उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना अगदी समोरासमोर येतात, एकमेकींना भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ उभे राहून आम्ही अंधार पडेपर्यंत ते वळण पाहत होतो. आयुष्यात कितीतरी वेळा एस.टी.ने कऱ्हाडवरून गेलो, पण हे पाहायला कधी उतरलो नव्हतो, याची मला मनापासून खंत वाटली.

तिसरा दिवस सर्वांत लांब पल्ल्याचा होता. शेणोली, ताकारी, भिलवडी अशी गावे मागे टाकत औदुंबरला दत्ताचे दर्शन घेतले आणि दिग्रजमार्गे आयर्विन पुलावर आलो. सांगलीकर पावसाळ्यात याच पुलाकडे डोळे लावून बसतात. पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. कठड्याशी सायकल टेकवून खाली पाहिले, तर जानेवारीची नदी इतकी खोल आणि संथ दिसत होती की तो आकडा मनात बसेना.

हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर उतरलो तेव्हा समोरून वारणा येऊन मिळत होती. पंचगंगेचा संगम इथून फार लांब नाही, सकाळी लवकर निघालो तर नरसोबाची वाडी गाठता येईल, असे मित्र म्हणाला. माझी रजा संपली होती, म्हणून वाडी पुढच्या थंडीसाठी ठेवली.